मदत हवी आहे: स्प्लिट – मोस्तार – डुब्रोवनिक बसने, आईबाबांसोबत

सायली_ठाणे:
क्रोएशियातल्या स्प्लिटहून सकाळी बसने मोस्तार, जुना पूल बघून तिथेच मुक्काम, दुसऱ्या दिवशी बसने डुब्रोवनिक (तेही क्रोएशियातच) असं ठरवलंय. प्रत्येक साइटवर बसच्या वेळा वेगळ्या. वर मोस्तारला दोन बसस्टँड दिसतात, त्यातलं खरं कोणतं? तिकीट आधी काढू की तिथे जाऊन? हॉटेल फुकट रद्द करायची मुदत परवा संपतेय, प्लीज लवकर सांगा. ‘गूगल करा’ म्हणू नका, करून झालंय.

भटक्या_पक्या:
महिना कोणता? सामान किती? व्हिसा कोणता?

डोंबिवलीचा_दादा:
बसच्या भानगडीत पडूच नका. गाडी भाड्याने घ्या. आम्ही तेच केलं. वाटेल तिथे थांबा, फोटो काढा, पुढे निघा.

सायली_ठाणे:
सप्टेंबर. तीन मोठ्या बॅगा. बाबांचे गुडघे दुखतात. मला गाडी चालवायची नाहीये. व्हिसा आहे हो, शेंगेन, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो. प्रश्न बसचा आहे.

सह्याद्रीप्रेमी:
पूल बघायला जाताय म्हणून सांगतो. १५६६ साली उस्मानी तुर्कांच्या काळात बांधलेला हा पूल ९ नोव्हेंबर १९९३ ला युद्धात तोफांच्या माऱ्याने कोसळला. आता दिसतो तो २००४ मध्ये नव्याने उभारलेला. अनेकांना तो मूळचाच वाटतो.

सायली_ठाणे:
धन्यवाद, पण बस?

झाग्रेबकर_माधुरी:
सायली, पक्याने विचारलं ते उगाच नाही. मोस्तार बॉस्नियात आहे, म्हणजे शेंगेनच्या बाहेर. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये. तुमचा व्हिसा सिंगल एंट्री, म्हणजे एकदाच आत शिरायचा असेल तर मोस्तारला जाताना सीमेवर तो संपला. पुढे डुब्रोवनिकमध्ये शिरता येणार नाही. आणि शेंगेन व्हिसावर बॉस्नियात जायचं तर तोही मल्टिपल एंट्रीचाच लागतो. स्टिकरवर एंट्रीसमोर ‘मल्ट’ आहे की ‘०१’, ते आधी बघा.

बसस्टँडचं म्हणाल तर रेल्वे स्टेशनला लागून, नेरेत्वा नदीच्या पूर्वेला आहे ते मुख्य. पश्चिमेकडच्यावर फार कमी गाड्या येतात. बॅग बसच्या पोटात टाकायचे वेगळे पैसे घेतात, बहुतेक वेळा रोख. सुटी नाणी ठेवा.

डोंबिवलीचा_दादा:
म्हणूनच म्हणतो, गाडी असती तर ही कटकट नव्हती.

भटक्या_पक्या:
दादा, गाडीला वेगळी सीमा आहे का? पासपोर्ट तिथेही दाखवावाच लागतो. वर भाड्याची गाडी देशाबाहेर न्यायला कंपनीची परवानगी आणि विम्याचे कागद. आणि डुब्रोवनिकच्या जुन्या शहरात, तटबंदीच्या आत गाडी जातच नाही, पार्किंगला किती मोजले तेही सांगा ना.

डोंबिवलीचा_दादा:
पार्किंग महाग होतं. पण मजा आली.

सायली_ठाणे:
तिघांच्याही पासपोर्टवर ०१ आहे. एजंट म्हणाला होता ‘कुठेही फिरा’. आता मोस्तार सोडून स्प्लिट ते डुब्रोवनिक थेट जायचं तर? नकाशात मधे पुन्हा बॉस्निया दिसतोय!

सह्याद्रीप्रेमी:
ते न्यूम. बॉस्नियाचा समुद्रकिनारा जेमतेम २० किमी, तो हाच. १६९९ च्या कार्लोविट्झ तहाच्या वेळी डुब्रोवनिकच्या प्रजासत्ताकाने व्हेनिस शेजारी नको म्हणून ही पट्टी तुर्कांना देऊन टाकली. तीनशे वर्षांनंतरही बसवाल्यांना त्याचा त्रास!

झाग्रेबकर_माधुरी:
त्रास बराच कमी झालाय. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाच पूल सुरू झाला, सुमारे २.४ किमी लांबीचा. त्यावरून गेलं की न्यूम टळतं, सगळा रस्ता क्रोएशियातूनच. मात्र प्रत्येक बस तिथूनच जाते असं धरू नका. तिकीट काढताना खिडकीवर ‘पेल्येश्की मोस्त?’ (म्हणजे हाच पूल) विचारा. साधारण साडेचार तास धरा. उजवीकडच्या सीट घ्या, समुद्र त्या बाजूला.

स्प्लिटचं बसस्टँड बंदरालाच लागून आहे. सामान ठेवायची जागा हवी तर ‘गार्डेरोबा’ पाटी शोधा. डुब्रोवनिकचं मात्र ग्रूझ बंदरापाशी, जुन्या शहरापासून साधारण ३ किमी. जुन्या शहराच्या पिले दरवाज्यापर्यंत सिटी बस मिळते. बाबांचे गुडघे बघता हॉटेल तटबंदीच्या आत घेऊ नका, तिथे नुसत्या पायऱ्या. लापाद किंवा ग्रूझ भागात बघा.

कोकणी_वाटाड्या:
बस कशाला? सीझनमध्ये स्प्लिटहून कॅटमरान (वेगवान प्रवासी बोट) आहे. वाटेत कोर्चुला लागतं, तेही तटबंदीचं सुंदर गाव.

भटक्या_पक्या:
वारं सुटलं की फेरी रद्द. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बोटीत चढवू नका.

कोकणी_वाटाड्या:
आमच्याकडे म्हातारी माणसं रोज तरीत चढतात.

सायली_ठाणे:
भांडू नका. बसच घेतेय, पुलावरूनची. मोस्तारची खोली रद्द केली, त्या रात्रीचं आता काय करू?

झाग्रेबकर_माधुरी:
डुब्रोवनिकलाच एक रात्र वाढवा आणि तिथून स्टोन गावाला जाऊन या. बस आहे, अंतर साधारण ५५ किमी. चौदाव्या शतकातली तटबंदी डोंगरावर चढत गेलीय, खाली मिठागरं. बाबांनी चढायची गरज नाही, खालूनही छान दिसते.

डोंबिवलीचा_दादा:
स्टोनचे ऑयस्टर खा. शाकाहारी आहात का?