दसऱ्याला मुलांसाठी धनुष्यबाण – घरी कोणी केलेत का?

प्रेषक: मृणाल

नमस्कार मंडळी,

आपल्या मिनेसोटातल्या मंडळाच्या दसऱ्याच्या कार्यक्रमात यंदा 5 ते 10 वर्षांच्या मुलांसाठी धनुष्यबाणाचा स्टॉल ठेवायचं कमिटीत ठरलंय, म्हणजे हात मीच वर केला आणि बाकीच्यांनी पटकन टाळ्या वाजवल्या. गेल्या वर्षी ती सक्शन कपवाली प्लास्टिकची आणली होती, अर्ध्या तासात कप गायब आणि उरलेल्या काठ्यांनी पोरांची तलवारबाजी सुरू, ते परत नको. यूट्यूबवर पीव्हीसी पाइपाची धनुष्यं बघितली, स्वस्त आहेत, पण तिथे जो तो 40 पौंड 50 पौंड ताणाच्या (दोरी ओढायला लागणारा जोर) गप्पा मारतोय, मला काही रानडुक्कर मारायचं नाहीये. कोणी स्वतः केलंय का? साधारण 12 लागतील.

मृणाल

---

प्रेषक: राहुल

मृणाल, मी केलंय आणि फसलोय, त्यामुळे माझा सल्ला मोलाचा आहे 😀

पांढरा अर्ध्या इंची पीव्हीसी, शेड्यूल 40 (म्हणजे पाइपाच्या जाडीचा प्रकार), होम डिपोच्या दुकानातून आणला, 4 फूट कापला, खाचा केल्या, दोरी बांधली, एका संध्याकाळचं काम. दिसायला झकास. मुलगा 6 वर्षांचा, त्याने दोनदा ओढून बघितलं आणि म्हणाला बाबा तूच खेळ. मग विमानाच्या बॅगा तोलायचा जो हुकवाला काटा असतो ना आपल्याकडे प्रत्येकाच्या घरी (23 किलोवाला!) तो दोरीत अडकवून 18 इंच ओढलं तर 15 पौंड. मग मी काय हुशारी केली, पोरगं लहान तर धनुष्यही लहान करू म्हणून कापून 3 फुटी केलं, तर ते मलाच ओढवेना. अजून गराजमध्ये पडलंय, बायको त्याला टॉवेल वाळत घालायचा दांडा म्हणते.

राहुल

---

प्रेषक: श्रीकांत

चि. मृणाल, राहुल,

राहुल, तुझी चूक सगळेच करतात रे. तोच पाइप जितका आखूड तितका ताठ, लांब केला की मऊ. पाइप 10 फुटी मिळतो, मधोमध काप, दोन धनुष्यं. मी नातींसाठी 5 फुटी केलं होतं, तुझ्यासारखंच 18 इंच ओढून काट्यावर लावलं तर 8 पौंड. एका फुटाने ताण निम्म्यावर. हे 8-10 वर्षांच्या मुलांना चालतं.

पण 5-6 वर्षांचं पोर स्वतःच साडेतीन फूट, त्याच्या हातात 5 फुटी दिलं की खालचं टोक जमिनीला टेकतं. त्यांच्यासाठी पांढरा घ्यायचाच नाही, गरम पाण्याचा क्रीम रंगाचा सीपीव्हीसी घ्यायचा. त्यावरही अर्धा इंचच लिहिलेलं असतं पण बाहेरून मोजशील तर पांढरा 0.84 इंच आणि हा 0.625, म्हणजे करंगळीएवढा बारीक. त्याचं 4 फुटी केलं तर जेमतेम 4 पौंड भरतं. मोठ्यांना ते खेळणं वाटतं आणि इथेच बाप लोक बिघडवतात, "अजून जरा जोर हवा" म्हणून. मुलाला नुसतं ओढता येऊन भागत नाही, ओढून मनात तीन आकडे मोजेपर्यंत हात न थरथरता धरता आलं पाहिजे, नाहीतर ते नेम न धरता झटक्यात सोडून देतं आणि बाण कुठेही जातो.

माझे वडील नंदुरबारकडे धडगावला मास्तर होते, तिसरी-चौथीपर्यंत मी तिथेच. वर्गातली भिल्ल मुलं शाळेच्या आधी आणि नंतर बांबूची कामठी, म्हणजे धनुष्यं, घेऊन हिंडायची. दोरीसुद्धा बांबूचीच, कांब तासून केलेली, सुताची नाही, ती पाहून मला फार नवल वाटायचं. मी एकाच्या मोठ्या भावाची उचलली, ओढेना, सगळे हसले. मग त्याच्या धाकट्याची दिली, ती ओढली गेली आणि समोरच्या शेणीला बाण लागला, तो आनंद अजून आठवतो. प्रत्येकाच्या हाताला साजेशी वेगळी असायची, एक सगळ्यांना असं नाही. (कोणी बांबूची करणार असेल तर सालीची हिरवी बाजू बाहेर, म्हणजे आपल्यापासून लांब ठेवायची, ताण तीच सोसते. उलटं केलं की तडकलं समजा.)

आता करायचं कसं. टोकापासून अर्धा इंच आत हॅक्सॉने तिरकी खाच, मग कानस आणि पॉलिश पेपर, खाचेची कड बोटाला बोचली तर दोरी तुटणारच. दोरी म्हणजे गवंडी भिंत सरळ राहायला बांधतात ती विणलेली नायलॉनची, तीनपदरी करून, दोन्ही टोकांना न सरकणारा फास. पॅराकॉर्ड (पॅराशूटची नायलॉन दोरी) नको, ओढून ओढून सैल पडते. 5 फुटीला दोरी पाइपापेक्षा दोन इंच आखूड, 4 फुटीला तीन. बांधून झाल्यावर मूठ वळून अंगठा वर करा, मुठीचा तळ पाइपाला टेकवला की मोठ्या माणसाच्या अंगठ्याचं टोक दोरीला लागलं पाहिजे, साधारण सहा इंच. मधे धरायला सायकलच्या हँडलची टेप गुंडाळा, मधला भाग मुलांना आपोआप कळतो. बाण न लावता नुसती दोरी ओढून सोडू देऊ नका, सगळा झटका पाइपालाच बसतो.

आणि हिवाळाभर गराजमध्ये ठेवू नका. आपल्या मिनेसोटाच्या थंडीत पीव्हीसी काचेसारखा होतो. मी मार्चमध्ये थंडगार पाइप तसाच ओढला, फाटकन दोन तुकडे, एक छताला. नशीब नाती आत पोहे खात होत्या.

श्रीकांत

---

प्रेषक: अनुजा

सगळं छान आहे, पण बाणांचं कोणी बोलतच नाहीये!! डोळ्याला लागलं तर? आणि आपला हॉल म्हणजे शाळेचा जिम आहे, इथल्या शाळांत खेळण्यातल्या शस्त्रावरून सुद्धा मोठं प्रकरण होतं, भाड्याच्या कागदांत "वेपन" शब्द कुठे कुठे आहे ते कोणी वाचलंय का? मंडळाला नंतर ईमेल येईल तर मी उत्तर देणार नाहीये.

---

प्रेषक: श्रीकांत

अनुजा, बरोबर. धनुष्यापेक्षा बाणालाच जास्त जपायचं. 5/16 इंची लाकडी डॉवेल (गोल काठ्या) घ्या, एकेक हातात घेऊन वाकवून बघा, रेषा तिरक्या गेल्या असतील किंवा कुरकुर आवाज आला तर चुलीत. टोकाला आधी खोडरबर किंवा नाणं टेपने पक्कं बसवा, नाहीतर काठी फोम फोडून बाहेर येते, आणि त्यावर पूल नूडलचा (पोहताना धरतात त्या फोमच्या नळीचा) तुकडा, अडीच इंच रुंद, म्हणजे डोळ्याच्या खोबणीत शिरूच शकत नाही. दर अर्ध्या तासाने टोक चाचपायचं, फोमखाली काठी हाताला लागली की तो बाण बाद. आणि मूल दोरी जितकी ओढतं त्यापेक्षा बाण चार-पाच इंच लांबच हवा. आखूड बाण ओढताना पाइपाच्या आत येतो, सुटला की थेट धरलेल्या हातावर.

समोर खोका ठेवू नका, त्यावर आपटून बाण परत येतो. जुनी चादर सैल टांगा, तिच्यात जाऊन तो गप्प पडतो.

आणि अंगठा लावायचा नाही, तर्जनी-मधलं-अनामिका, तीन बोटं. एकलव्याची गोष्ट सांगून झाली की मुलं विचारतात मग तो पुढे बाण कसा मारायचा. त्यांना असं बाण सोडून दाखवा आणि विचारा, सांग अंगठा कुठे लागला?

---

प्रेषक: मृणाल

काका, एकलव्य माझ्याकडे लागला 🙏

अनुजा, शाळेच्या ऑफिसला फोन केला. आधी एकदम गप्प. मग मी म्हटलं तुमच्या शाळांतच नॅशनल आर्चरी इन द स्कूल्स हा तिरंदाजीचा कार्यक्रम चालतो ना, केंटकीतून आलेला, त्याच्याच शिट्ट्या आम्ही वापरू, दोन शिट्ट्या रेषेवर या, एक शिट्टी सोडा, तीन शिट्ट्या बाण आणा, पाच किंवा जास्त म्हणजे सगळं थांबवा. तेव्हा बाई जरा सैल झाल्या, म्हणाल्या फोम टोक आणि शिट्ट्या सगळं ईमेलने लिहून द्या, पाठवलंय. आणि आपण त्यांना "शस्त्रपूजा" अजिबात सांगायचं नाही हं, तो टेबल लॅपटॉप आणि स्क्रूड्रायव्हरचाच असतो दरवर्षी, "टूल ब्लेसिंग" म्हणा.

चादरीवर रावण काढू का म्हणून दोघांनी विचारलं. नको, त्यावर परत तीन आठवडे ईमेल येतील उत्तरेचं की आपलं. साधी गोल वर्तुळं. बाजूला दोन फोटो लावतेय, साताऱ्याची अदिती स्वामी, 2023 ला बर्लिनमध्ये 17 व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन, आणि त्याच स्पर्धेत फायनलला 150 पैकी 150 मारणारा नागपूरचा ओजस देवतळे. मुलींच्या रांगेसमोर अदिती, माझा हट्ट.

आता यादी: पांढरा पाइप 3, क्रीम पाइप 3, म्हणजे 5 फुटी 6 आणि 4 फुटी 6 (क्रीमचे दोन-दोन फूट उरतील, राहुल त्याचं काही करू नकोस). डॉवेल 30, नूडल 2. शनिवारी सकाळी दहाला राहुलच्या गराजमध्ये, हॅक्सॉ ज्यांच्याकडे आहे त्यांनी आणा, आणि राहुल, तो टॉवेलचा दांडा पण बाहेर काढ, चादर टांगायला लागेल.