सोंगणी-वेचणीच्या दिवसांत योग टिकवायचा तर

"पहाटे पाचला उठून तासभर योग केला तरच सवय लागते" असा सल्ला देतात, पण तो नोकरदाराला ठीक. आपल्याकडे शेतात सोयाबीनची सोंगणी लागली की तो तास पहिल्याच आठवड्यात मोडतो, मग दिवाळीनंतरच आठवण येते. वेळ घड्याळाला नाही, रोजच्या कामाला बांधा: तोंड धुतलं की चहाच्या आधी पंधरा मिनिटं, बस. पोटही रिकामं असतं.

आसनांच्या निवडीबद्दल मात्र सहसा कुणी बोलत नाही. निंदण, सोंगणी, कापूस वेचणी, सगळं वाकूनच. त्यावर पुन्हा पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन अशी पुढे वाकायची आसनं लादली की कंबर धरते आणि माणूस योगच सोडतो. या हंगामात भुजंगासन घ्या: पालथं पडून हातांच्या आधारानं छाती वर, नाभी जमिनीला टेकलेली, कोपर किंचित वाकलेले, पाच श्वास, असं तीनदा. मग अर्धशलभासन, म्हणजे पालथं राहूनच एकेक पाय सरळ वर उचलायचा, शेवटी मकरासनात, म्हणजे पालथंच अंग सैल सोडून, दोन मिनिटं पडून राहा. संध्याकाळी करायचं तर जेवणाआधीच. भाकर-पिठल्यावर तीन-चार तास नाही. फरशीवर रिकामं पोतं टाकू नका, सरकतं. सतरंजीची दुहेरी घडी बरी. मे महिन्यात सूर्यनमस्कार ऊन चढायच्या आत, आणि टिनाखाली तर नकोच.