शनवार तेली आणि वाशाआडची कपबशी

पूर्वग्रह इंग्रजांनी पेरले, त्याआधी कोकणात सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते, असं नेहमी म्हटलं जातं; मला ते अर्धंच पटतं. जनगणनेत जातींची खानेसुमारी करून त्यांनी भिंती पक्क्या केल्या, मान्य. पण भिंती होत्याच की!

अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, घ्या. घाण्यावर तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं 'शनवार तेली'. बोली मराठी. त्यांचा इथे छळ झाला नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यांच्यातही 'गोरे' आणि 'काळे' इस्राएल होते. बाहेरच्या बायकांपासून झालेली संतती म्हणून 'काळ्यां'शी बेटीव्यवहार बंद. शेजाऱ्यांकडून जात तेवढी बरोबर उचलली. पुढे इस्राएलला गेल्यावर १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी याच बेने इस्राएल मंडळींच्या इतर यहुद्यांशी होणाऱ्या लग्नाआधी वंशावळ तपासायचा आदेश काढला! मोठं आंदोलन झालं, तेव्हा कुठे १९६४ मध्ये माघार.

महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. मी सांगतोय ते ऐंशीच्या दशकातलं. सावंतवाडीकडच्या आमच्या घरी पडवीच्या वाशाआड एक कान तुटलेली कपबशी असे. आजी चहा वरून ओतायची, पिणाऱ्याने कप स्वतः विसळून परत तिथेच ठेवायचा. का, विचारलं तर म्हणाली, "तसाच असता रे." आवाजात राग नाही, काही नाही. त्याच माणसाला जाताना मूठभर कोकमंही द्यायची.

तो कप कोणी काढला आठवत नाही. वासे बदलले तेव्हा गेला असावा.