२००४ चं चावेझ सार्वमत: प्रचार की सरकारी खिरापत?

तर्कट: निवडून दिलेल्याला परत बोलावता आलं पाहिजे, हे सगळ्यांनाच पटतं. पण खुर्चीवरचा माणूस सरकारी तिजोरीसकट मैदानात उतरला तर? व्हेनेझुएलात राष्ट्राध्यक्ष ह्यूगो चावेझला हटवायला विरोधकांनी २४ लाखांवर सह्या जमवल्या आणि १५ ऑगस्ट २००४ ला सार्वमत लागलं. 'हो' म्हणजे चावेझ घरी, 'नाही' म्हणजे राहा. तोवर तेलाच्या पैशातून झोपडपट्ट्यांत क्युबन डॉक्टर, साक्षरतेचे वर्ग, स्वस्त किराणा. लाखो लोकांना ओळखपत्रंही ऐन तेव्हाच. 'नाही'ला ५९ टक्के पडले, यात कसलं नवल?

लिंबूटिंबू: ज्या उतारावर जन्मात डॉक्टर चढला नाही तिथे दवाखाना निघाला, तर ती खिरापत? आणि ओळखपत्र नसलेला गरीब मतदार यादीत आला, यात वाईट काय ते सांगा. राहिला प्रचार. दहा-दहा जणांची पथकं दारोदार फिरली. मोहिमेला नाव दिलं सांता इनेसची लढाई. १८५९ मध्ये, तिथल्या यादवी युद्धात, झामोरा नावाच्या सेनानीने माघारीचं सोंग करून शत्रूला सांता इनेस गावात आत ओढलं होतं. सह्यांत हरलेला चावेझ म्हणत होता, हीच माझी माघार! नाटकी होता गडी, पण माणसं उठली.

तर्कट: सह्या करणाऱ्यांची नावं तास्कोन नावाच्या सत्ताधारी खासदाराने इंटरनेटवर टाकली, ते विसरलात वाटतं. त्या यादीवरून लोकांच्या सरकारी नोकऱ्या गेल्या. पथक दारात आलं की समोरच्याला ती यादी आठवणारच ना?

लिंबूटिंबू: यादीचं समर्थन मी करणार नाही. घाणेरडा प्रकार होता. पण निवडणुकीवर नजर ठेवणाऱ्या दोन बाहेरच्या संस्था, अमेरिकेचे माजी अध्यक्ष कार्टर यांचं कार्टर सेंटर आणि अमेरिका खंडातल्या देशांची अमेरिकी राष्ट्र संघटना, दोघांनी निकाल मान्य केला. विरोधक मात्र घोटाळा-घोटाळा करत बसले.

आकडेमोड: मधेच तोंड घालतो. नियम असा, की 'हो'ला चावेझच्या २००० मधल्या मतांपेक्षा, म्हणजे साडेसदतीस लाखांहून जास्त मतं हवीत आणि 'नाही'पेक्षाही जास्त. 'हो'ला जवळपास ४० लाख पडली. म्हणजे पहिली अट पार! 'नाही'वाले घरी बसले असते तर चावेझ गेलाच होता. 'नाही'ची ५८ लाख मतं आली म्हणून वाचला. मग माणसं बाहेर काढण्यावर सरकार जिवाचं रान करणार नाही तर काय?

तर्कट: करू दे की. स्वतःच्या पक्षाच्या खर्चाने!