नुसतं खाणंपाणी पुरत नाही
वर कोणीतरी लिहिलंय की प्रयोगाच्या उंदरांना वेळेवर खाणं मिळतं, पिंजरा स्वच्छ असतो, अजून काय पाहिजे. नाही हो, तेवढ्याने भागत नाही. मी पुण्यात एका अ‍ॅनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे, काम केलंय, एसी 22 डिग्रीवर, एप्रिलच्या उन्हातून आत आलं की आपल्याला बरं वाटायचं पण त्या छोट्या पांढऱ्या उंदरांना 30च्या आसपास बरं वाटतं, म्हणजे त्यांना तिथे सतत गारठाच. एकदा नुसता टिश्यू पेपर टाकला तर सकाळपर्यंत चिंध्या करून घुमटासारखं घरटं, आत सगळे एकमेकांना चिकटून, बाहेर फक्त एक नाक! गारठलेल्या जनावराची प्रयोगातली रीडिंग्ज तरी कितपत खरी धरायची? फक्त नरांच्या पिंजऱ्यात लपायला एकच घरकुल ठेवू नका, त्यावरून मारामाऱ्या होतात, चावलेल्या शेपट्या मी पाहिल्यात.