पीच कॉबलर खाली गिच्च का राहतो?

लोणकढी: अमेरिकेच्या दक्षिणेकडचा जुना 'एक-एक कप' कॉबलर, म्हणजे फळं आणि पिठाचं पातळ मिश्रण एकत्र भाजून होणारा गोड पदार्थ केला. १ कप मैदा, १ कप साखर, १ कप दूध, २ चमचे बेकिंग पावडर, १०० ग्रॅम बटर, पीचचा मोठा डबा (८५० ग्रॅम) पाकासकट. सगळं एकत्र ढवळून ७ इंची गोल केकच्या भांड्यात ओतलं. ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) १८० अंशांवर, ४० मिनिटं. वरून मस्त तांबूस, पण चमचा घातला तर खाली कच्चं पीठ आणि पाक. वेळ कमी पडला की प्रमाणच चुकलं? आणि डबा नसेल तर आंबा चालेल का?

खमंग: पाक सोडला तर प्रमाण ठीक आहे, भांडं आणि क्रम चुकला. या मापाला ८ इंची चौकोनी भांडं लागतं, म्हणजे ६४ चौरस इंच. तुमच्या गोल भांड्याचे जेमतेम ३८ होतात. थर जाड झाला, वरचा रंग आला तरी मधलं शिजायचं राहिलं.

पीच चाळणीत १० मिनिटं निथळू द्या. फार तर ३-४ मोठे चमचे पाक ठेवा, बाकीचा सरबताला.

आणि ढवळायचं नाही हो! सगळी गंमत त्यातच आहे. भांड्यात बटर घालून ओव्हनमध्ये वितळवा. त्यावर मिश्रण ओता, त्यावर फळं मांडा, चमचा बाजूला ठेवा. बेकिंग पावडरने मिश्रण फुगून वर येतं, जड फळं खाली बसतात आणि कडेने वर आलेल्या बटरमध्ये कडा अक्षरशः तळल्या जातात. ढवळलंत की बटर पिठात जिरतं आणि नुसता ओला केक होतो.

१७५ अंश, ५० ते ६० मिनिटं. ३५ मिनिटांनी रंग जास्त वाटला तर वर फॉइल सैल टाका. सुरी फळात नाही, मधल्या पिठात घालून बघा. कडेचे बुडबुडे पातळ, भराभर येत असतील तर अजून वेळ आहे. दाट, आळशी बुडबुडे आले की झालं. बाहेर काढून अर्धा तास हात लावू नका, रस तेव्हाच आळतो.

तिखटमीठ: वरच्यात थोडी भर. काचेचं भांडं असेल तर गरम बटरवर फ्रिजमधलं दूध घातलेलं मिश्रण ओतू नका, तडकू शकतं. दूध आधी तासभर बाहेर काढून ठेवा. टेबल बटर खारट असतं, वेगळं मीठ नको. बेकिंग पावडर जुनी असेल तर अर्धा चमचा कढत पाण्यात टाका. लगेच फसफसली नाही तर फेकून द्या. साखर पाऊण कपापर्यंत उतरवता येते. त्याखाली गेलात तर कडा कुरकुरीत होत नाहीत, वरचा थर पावासारखा लागतो.

खमंग: आंब्याचं राहिलंच. पिकलेला हापूस ओव्हनमध्ये पार विरघळतो. तोतापुरी किंवा जरा कडक केशर घ्या, २ कप फोडी, साखर पाऊण कप, चिमूटभर जायफळ. आमरसाचा डबा अजिबात नको. सफरचंद कच्चं घातलं तर वरचं पीठ भाजून तयार होतं आणि फोडी कचकचीत राहतात. पातळ काप करून २ चमचे साखर आणि लिंबाच्या रसात ५-७ मिनिटं परता, मगच घाला.

दालचिनी: सफरचंदच घ्यायचं तर खरं म्हणजे इंग्रजांचा क्रम्बल करा, म्हणजे फळांवर कोरडा चुरा पसरून भाजायचा. त्यात कच्चं राहायला ओलं मिश्रणच नसतं. २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम गार बटर, १०० ग्रॅम साखर. बोटांच्या टोकांनी जाडसर रव्यासारखं चोळायचं, तळव्याने नाही. १९४० साली ब्रिटनमध्ये लोणी-साखरेचं रेशन सुरू झालं. अशा दिवसांत 'पाय'च्या (खाली-वर पारी लावून भाजलेल्या फळांच्या पदार्थाच्या) दोन पाऱ्यांपेक्षा हा वरचा एकच थर परवडायचा. आपल्याकडच्या उकाड्यात बटर चोळता चोळताच वितळतं, म्हणून चुरा १५ मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवून मग फळांवर पसरा. दाबू नका, फरशी होते.

लोणकढी: ८ इंची चौकोनी भांडं नाही, ९ इंची गोल आहे. चालेल?

खमंग: तेही ६४ च्या आसपासच येतं. बिनधास्त करा. खालच्या रॅकवर एक ट्रे ठेवा, बटर उतू गेलं तर ओटीजी घासत बसावं लागतं.