कर्णबधिर आणि दिव्यांग कवींची वेगळी काव्यस्पर्धा: हवी की नको?

पेठकर (धागाकर्ता)
२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, पुण्यात फक्त कर्णबधिर आणि दिव्यांग कवींसाठी काव्यस्पर्धा घ्यायचं घाटतंय. कच्चे नियम असे: एकाची एकच कविता, २४ ओळींपर्यंत. टाइप केलेली, ब्रेलमधली, आवाजात ध्वनिमुद्रित केलेली किंवा सांकेतिक भाषेतला व्हिडिओ, काहीही चालेल. तीन परीक्षक. यूडीआयडी कार्डाची (सरकारी दिव्यांग ओळखपत्राची) प्रत जोडायची. बक्षीस समारंभ नवी पेठेत. मतं हवीत, ‘स्तुत्य उपक्रम’ एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या.

अष्टाक्षरी
नको. वेगळी रांग केली की परीक्षक हात सैल सोडतात. प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली, १९१५ साली वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते गेले, आणि मागे शंभराहून जास्त ग्रंथ. त्यांना कोणी सवलतीत वाचत नाही.

अडचण आहे ती नेहमीच्या स्पर्धांच्या नियमपत्रकात. ‘कविता स्वहस्ताक्षरात, कागदाच्या एकाच बाजूस’ या एका ओळीनं अंध कवी बाहेर आणि ज्याची बोटं चालत नाहीत तोही बाहेर. सादरीकरणाला गुण ठेवले की अडखळत बोलणारा मागे पडतो. तीन मिनिटांची घंटा कर्णबधिराला ऐकू येत नाही, तिथे लाल दिवा लावा. एवढं सुधारा की! वेगळा मांडव कशाला?

ठिपके_सहा
अष्टाक्षरी, पत्रक सुधारून अर्धंच काम होतं. कविता जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये आली तर आत साठवलेले कोड देवनागरीचे नसतात. डोळ्याला ‘क’ दिसतो, पण एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारं सॉफ्टवेअर) भलतंच काही वाचतो. म्हणून ‘टाइप केलेली’ पुरेसं नाही, ‘युनिकोडमध्ये’ असं लिहा. स्कॅन करून केलेली पीडीएफ तर स्क्रीन रीडरच्या लेखी नुसतं चित्र. आणखी एक: वर्डमध्ये बाण दाबत ओळ ओळ ऐकताना समासाशी आपोआप वळलेली ओळही नवी ओळ म्हणूनच ऐकू येते. मुक्तछंदात हे घातक. साधी टेक्स्ट फाइल मागवा आणि वर्ड रॅप (ओळ आपोआप वळवणं) बंद ठेवून वाचा.

ब्रेलचा उतारा हा त्याहून मोठा खड्डा. भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांची ब्रेल, सहा ठिपक्यांना १ ते ६ क्रमांक) ठिपके २-४ म्हणजे इ आणि ३-५ म्हणजे ई. आकृती तीच, फक्त एक पायरी खाली. वेलांटीही याच चिन्हांनी लिहितात. कागद दबलेला असेल आणि उतरवणारा नवखा असेल, तर लघूचा गुरू होतो आणि वृत्त मोडतं; दोष मात्र कवीच्या माथी. उतारा कवीला फोनवर वाचून दाखवल्याशिवाय परीक्षकाकडे जाता कामा नये. शेकडो प्रवेशिका येणाऱ्या खुल्या स्पर्धेत हे कोण करणार? वेगळ्या स्पर्धेत निदान त्यासाठी माणूस नेमता येतो.

हस्तमुद्रा
तुम्ही दोघंही कागदावरच अडकलात. सांकेतिक भाषेतल्या कवितेचा मराठी अनुवाद करून त्याला गुण देणं म्हणजे लावणीचं परीक्षण तिच्या छापील शब्दांवरून करणं. हाताचा आकार कायम ठेवून हालचाल बदलत न्यायची, हे तिथलं यमक. नजर कुठे जाते, समोरच्या जागेत कोणाला कुठे उभं केलं, यावर अर्थ ठरतो. तिघांपैकी किमान दोन परीक्षक लहानपणापासून हीच भाषा वापरणारे कर्णबधिर हवेत.

व्हिडिओच्या सूचना नियमांतच घाला. मोबाइल आडवा धरायचा, उभ्या चौकटीत पसरलेले हात कापले जातात. कमरेपासून वर, डोक्यावर वीतभर मोकळी जागा. त्वचेच्या रंगाहून वेगळा, एकरंगी सदरा. खिडकीकडे पाठ नको: प्रश्न आणि नकार भुवया नि मान दाखवतात, चेहराच काळा आला तर वाक्य उलटं होतं. अंधुक उजेडात झपकन फिरणारी बोटं पुसट होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर दर्जा घसरतो.

समारंभाला दुभाषी दोन, दर २०-३० मिनिटांनी आलटून पालटून. आणि कविता त्यांच्या हातात आठवडाभर आधी. ऐन वेळी दिलेली कविता कोणालाही धड उलगडत नाही.

अष्टाक्षरी
व्हिडिओचा मुद्दा मान्य. पण मग नावं झाकून परीक्षण कसं करणार? चेहरा तर दिसणारच, आणि पुण्यातले सांकेतिक भाषेचे शिक्षक नि त्यांचे विद्यार्थी एकमेकांना ओळखतात.

शिवाय जन्मतः कर्णबधिर असलेल्या अनेकांना लिखित मराठी ही दुसरी भाषा. ‘मी पुस्तक वाचला’ असं आलं की गुण कापायचे की नाही, हे आधी ठरवा. एक परीक्षक कापेल, दुसरा नाही, आणि निकाल नशिबावर.

हस्तमुद्रा
परीक्षक नागपूर-कोल्हापूरचे घ्या, व्हिडिओच तर बघायचाय. काही खुणा गावोगाव बदलतात, म्हणून कवीनं अनोळखी खुणांचा खुलासा दोन ओळींत जोडावा. व्याकरणासाठी गुण कापू नका. छापण्याआधी संपादक कवीला विचारून दुरुस्त करील, छापखान्यात जाणाऱ्या सगळ्याच कवितांचं तसं होतं.

उतार_एकास_बारा
समारंभाबद्दल कोणी बोलत नाहीये. रॅम्पचा उतार १:१२ धरला तर ९० सेंटिमीटर उंच मंचाला १०.८ मीटर लांबी लागते, मधला सपाट टप्पा वेगळा. पेठेतल्या सभागृहात ती जागा कुठून आणणार? चौघांनी खुर्ची उचलून वर न्यायची प्रथा तर बंदच करा, त्यात पडायची भीती आणि अपमान दोन्ही. मंच वापरूच नका, बक्षिसं खाली द्या. सभागृह ठरवताना स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी टेपनं मोजा, व्यवस्थापकाच्या ‘होईल हो’वर जाऊ नका.

ठिपके_सहा
यूडीआयडीची अट मात्र काढाच. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि बऱ्याच सवलतींना किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. ती चाळणी नोकरीसाठी ठीक. कवितेला स्वयंघोषणा पुरे.

अष्टाक्षरी
स्वयंघोषणेवर रोख बक्षीस? तक्रार आली तर आयोजक काय दाखवणार? प्रवेशाला कार्ड नको, पण विजेत्याकडून निकालाआधी घ्या. आणि माझं मत तेच: लिखित कविता खुल्या स्पर्धेत, व्हिडिओचा गट वेगळा. दोन्हीकडे ‘योग्य कविता न आल्यास पहिलं बक्षीस दिलं जाणार नाही’ हे कलम हवंच.

पेठकर
कलम घालतो. कार्ड फक्त विजेत्यांकडून. मंच रद्द. वेगळी की खुली, यावर अजून दोन दिवस भांडा. कर्णबधिर परीक्षक कोणाला सुचत असतील तर त्यांची परवानगी घेऊन नाव निरोपातून कळवा, इथे उघड लिहू नका.